खाममधल्या घळया : मेकाँग, साल्वीन, यांगत्से (प्रवासाची माहिती एका जागी)

घाटवाट

लिजियांग ते शांग्री-ला रेल्वे २६ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली आणि तेव्हापासून "मेइलीला (खावा कार्पो शिखराची हिमरांग) जायचंय, कसं जाऊ?" हा प्रश्न दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या धाग्यावर उगवतो. उत्तरं विखुरलेली आहेत, काही शिळी झालीत. म्हणून हा वेगळा धागा. ल्हासा आणि कैलास-मानसरोवर इथे नको, त्यांचे धागे आहेत. इथे फक्त पूर्व तिबेट म्हणजे खाम, आणि त्यातही नद्यांच्या घळया.

भूगोल थोडक्यात. यांगत्से (इथलं चिनी नाव जिन्शा, तिबेटी द्री छू), मेकाँग (लानत्सांग, झा छू) आणि साल्वीन (नू, ग्याल्मो ङुल्छू) या तीन नद्या पठारावरून उतरताना युन्नानच्या वायव्य कोपऱ्यात एकमेकींना समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात. दोन नद्यांमध्ये एकेकच डोंगररांग. २००३ पासून हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. घळया काही ठिकाणी ३,००० मीटर खोल आहेत. देचेनजवळ मेकाँगचं पात्र साधारण २,००० मीटरवर आणि समोरचं खावा कार्पो शिखर ६,७४० मीटर. नदीकाठी उभं राहिलं की डोक्यावर जवळपास तीन कळसूबाई.

आता परवाना. सगळा गोंधळ इथेच होतो. "तिबेट" म्हणजे तिबेट स्वायत्त प्रदेश हे प्रशासकीय नाव झालं. तिथे परदेशी माणसाला चिनी व्हिसाच्या जोडीला वेगळा तिबेट परवाना लागतो, तो नोंदणीकृत एजन्सीमार्फतच निघतो, आणि गाइड व ठरवलेली गाडी सक्तीची असते. फेब्रुवारीअखेर ते मार्चअखेर परदेशी लोकांना तो सहसा मिळतच नाही. पण खामचा मोठा भाग युन्नान (देचेन जिल्हा) आणि सिचुआन (गार्झे जिल्हा) या प्रांतांत येतो. तिथे साधा पर्यटक व्हिसा पुरतो, एकट्याने फिरता येतं. गार्झेमधल्या लारुंग गारसारख्या काही जागा मात्र परदेशी लोकांना बंद आहेत. या धाग्यातला बहुतेक मजकूर युन्नान-सिचुआनबद्दल आहे.

उंचीची शिडी निसर्गानेच बांधून ठेवली आहे : कुनमिंग १,९००, लिजियांग २,४००, शांग्री-ला (जुनं नाव झोंगदियन, तिबेटी ग्याल्थांग) ३,२००, देचेन आणि त्याच्या पुढचं फेइलाइस ३,४०० मीटर. रेल्वेमुळे लोक ही शिडी एका दिवसात चढतात आणि शांग्री-लाला डोकं धरून बसतात. लिजियांगला दोन रात्री, शांग्री-लाला दोन रात्री, मग पुढे. लिजियांगच्या दोन रात्रींत "वाघउडी" घळई (जिन्शा नदी, वरची पायवाट, सर्वोच्च बिंदू २,६७० मीटरच्या आसपास) करून घेतली तर पायही तयार होतात. ती घळई नाशी लोकांची, तिबेटी नाही, आणि आता गर्दीची. सरावापुरती ठीक.

शांग्री-ला ते देचेन सुमारे १८० किमी. वाटेत बेंझीलानला रस्ता जिन्शाच्या काठी २,००० मीटरपर्यंत उतरतो आणि मग बाइमा पर्वतावर चढतो. जुना रस्ता ४,२९२ मीटरच्या खिंडीतून जायचा, आता बोगदा आहे. चार तास धरा.

नदीकाठ

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. ऋतूबद्दल मी भर घालतो, कारण सह्याद्रीतल्या सवयी इथे अंगाशी येतात. आपल्याकडे ट्रेकचा हंगाम म्हणजे पावसाळा. इथे जून ते सप्टेंबर हा घळयांमध्ये जाण्याचा सर्वांत वाईट काळ. आपला कातळ बेसाल्टचा, भिजला तर शेवाळतो आणि घसरतो, पण जागेवर राहतो. इथला खडक बराचसा पापुद्र्यांचा, ठिसूळ. तो भिजला की अख्खा उतार खाली येतो, रस्ता घेऊनच. पावसाळ्यात देचेनचा रस्ता एक-दोन दिवस बंद पडणं ही बातमीही होत नाही. परतीच्या विमानाआधी दोन कोरे दिवस ठेवा.

खावा कार्पो स्पष्ट दिसायचं असेल तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. दुसरा पर्याय एप्रिल-मे, तेव्हा फुलं असतात पण ढगही असतात. १ ते ७ ऑक्टोबर (चिनी राष्ट्रीय सुट्टी) आणि मेचा पहिला आठवडा टाळा. खोल्यांचे भाव कितीतरी पट होतात आणि रेल्वेची तिकिटं विक्री उघडताच संपतात. ती गाडीच्या १५ दिवस आधी उघडते.

घाटवाट

@नदीकाठ, सहमत. फक्त एप्रिल-मेचा सल्ला मेकाँगपुरता. साल्वीनच्या खोऱ्यात गोंगशानच्या बाजूला पावसाचे दोन हंगाम आहेत, एक फेब्रुवारी-एप्रिल आणि दुसरा उन्हाळी मान्सूनचा. वसंतातल्या पुराला तिथे "पीच-फुलांचा पूर" म्हणतात. एप्रिल कोरडा असेल असं धरून तिथे गेलात तर रोज भिजाल, आणि पाऊस वाढला की जळवा. साल्वीनसाठी नोव्हेंबर ते जानेवारी.

कारण सोपं आहे. बंगालच्या उपसागरावरचे ढग आधी पश्चिमेकडच्या गाओलीगोंग रांगेवर आणि साल्वीनवर रिकामे होतात, मग पलीकडे उरलंसुरलं. महाबळेश्वर आणि वाई-फलटण यांच्यातला फरक. म्हणून साल्वीन हिरवीगार आणि तिची शेजारीण मेकाँग देचेनपाशी तपकिरी, उघडी, निवडुंगाची. मे-जूनमध्ये घळईच्या तळाला घाम निथळतो आणि त्याच दिवशी वर खिंडीत बर्फ असतो.

कातळटोपी

युबेंगबद्दल कुणीतरी नीट लिहायला हवं होतं, मीच लिहितो.

युबेंग हे खावा कार्पोच्या पायथ्याचं गाव. वरचं युबेंग ३,२०० मीटरच्या आसपास, खालचं दीडेकशे मीटर खाली. ते मेकाँगच्या पश्चिमेला एका बाजूच्या खोऱ्यात लपलेलं आहे. फेइलाइसहून गाडीने घळईच्या तळाला उतरायचं, पुलावरून नदी ओलांडायची, समोर शीदांगच्या गरम झऱ्यापर्यंत (२,६००-२,७०० मी.) चढायचं. दीड-दोन तास. तिथून पायवाट नाझोंग खिंडीत (३,७०० मी.) चढते आणि पलीकडे गावात उतरते. एकूण १८ किमीच्या आसपास, हजार मीटर चढ, सहा-सात तास. वाट रुंद, खेचरांची, चुकायला जागा नाही. हल्ली शीदांगच्या बाजूने गावात स्थानिक गाड्याही जाऊ लागल्यात. गाडीने जाणाऱ्यांनी पहिल्या दिवशी वर कुठेही चढू नये.

गावातून एकेका दिवसाचे दोन फेरे. एक, बर्फतलाव, ३,९०० मीटर, जाऊन-येऊन आठ तास. वाटेतली कुरणं म्हणजे १९९१ च्या चिनी-जपानी मोहिमेचा मूळ तळ. त्या जानेवारीत वरच्या कॅम्पवर हिमस्खलनात १७ जण गेले, आणि १९९८ पासून त्यांचे अवशेष पलीकडच्या मिंगयोंग हिमनदीतून बाहेर येऊ लागले. शिखर अजून कुणी चढलेलं नाही आणि आता चढाईला बंदी आहे. तिबेटी लोकांसाठी तो देव आहे, त्यामुळे "समिट कधी खुलं होणार" हे तिथे विचारू नये. दुसरा फेरा पवित्र धबधब्याचा, खालच्या युबेंगहून, सोपा, पाच-सहा तास. बर्फतलावाची वाट मोठ्या हिमवृष्टीनंतर तीन-चार दिवस सोडून द्या. वरून हिमस्खलनाच्या नाळा थेट वाटेवर उतरतात.

परतीला आल्या वाटेने येऊ नका. निनोंगची घळई घ्या, हवामान चांगलं असेल तरच. खालच्या युबेंगहून नदीच्या कडेने जंगलातून उतरायचं. मग वाट नदी सोडते आणि पाटाला लागते. निनोंग गावाला पाणी नेण्यासाठी कड्याच्या पोटात खोदलेला हा पाट आहे, वाट म्हणजे त्याचा काठ. रुंदी कुठे मीटरभर, कुठे त्याहून कमी, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पाट असल्याने चढउतार जवळपास शून्य, आडवी मारत राहायचं. एका वळणावर हिरवं जंगल संपतं आणि समोर मेकाँगची उघडी, भाजलेली घळई येते. एकूण उतार हजार मीटर, वेळ पाच ते सहा तास. शेवटच्या दोन तासांत सावली नाही, पाण्याला हात लावता येतो पण त्याच पाण्यात खेचरंही तोंड घालतात. माणशी तीन लिटर घेऊनच निघा.

घसारा

नावाला जागून दगडांबद्दल लिहितो. निनोंगची वाट दिसते सपाट, पण जीव जातो तो वरून येणाऱ्या दगडांनी.

दगड का येतात? तीन कारणं. पहिलं, रात्री भेगांतलं पाणी गोठतं, सकाळी ऊन लागलं की सुटतं. दुसरं, दुपारी घळईतून वर वाहणारा वारा. तळ तापतो, हवा उतारांवरून वर चढते, तिच्या जागी घळईच्या तोंडाकडून हवा ओढली जाते. कोरड्या घळयांमध्ये दुपारी एक-दोननंतर हा वारा इतका होतो की बारीक खडी उडते, आणि खडी हलली की तिच्यावर टेकलेला मोठा दगड सुटतो. तिसरं, वर चरणाऱ्या शेळ्या. हे गमतीत लिहिलेलं नाही. वर घंटा ऐकू आली तर थांबून आधी शेळ्या कुठे आहेत ते बघा.

ओलांडायची पद्धत अशी. दगड पडणाऱ्या पट्ट्याच्या अलीकडे, सुरक्षित कातळाखाली थांबा. वाटेवरचे दगड बघा : कडा धारदार आणि रंग ताजा, फिकट असेल तर आजचे-कालचे. दगडफूल चढलेलं, कडा मळलेल्या असतील तर जुने. ताजे दगड जास्त दिसले तर दहा मिनिटं नुसतं ऐका. मग एकेकाने जायचं, पुढचा पलीकडे पोचल्याशिवाय दुसऱ्याने निघायचं नाही. उरलेल्यांपैकी एकाची नजर फक्त वर. कानात काही घालायचं नाही, फोटो नाही, धावायचंही नाही, कारण धावणारा अडखळतो. दगड आलाच तर बाहेरच्या बाजूला पळू नका. डोंगराला चिकटा, सॅक डोक्यावर. हेल्मेट आपल्याकडच्या प्रस्तरारोहणाच्या क्लबकडे भाड्याने मिळतं, ते घेऊन जा. ३०० ग्रॅमचं वजन आहे.

खेचरं समोरून आली तर नेहमी डोंगराच्या बाजूला उभं राहायचं. दरीच्या बाजूला उभ्या माणसाला खेचराच्या पाठीवरचं ओझं सहज ढकलतं आणि खेचराला ते कळतही नाही.

नदीकाठ

म्हणजे पहाटे निघावं की ऊन पडल्यावर? पहिल्या कारणाप्रमाणे सकाळी नऊ-दहाला दगड सुटणार, दुसऱ्याप्रमाणे दुपारी.

घसारा

उंचीवर अवलंबून. ३,५०० मीटरच्या वर, रात्री गोठत असेल तर उताराला ऊन लागायच्या आत ओलांडा. २,०००-२,५०० मीटरवर, घळईच्या पोटात, नोव्हेंबरातही तळाला फारसं गोठत नाही, तिथे वारा हाच शत्रू. निनोंगला सकाळी सातला गाव सोडलं की अकराच्या आसपास पाटाचा उघडा भाग उरकतो. दहाला नाश्ता करून निघणारे नेमके दीड वाजता सर्वांत वाईट पट्ट्यात असतात.

बाजूच्या ओढ्यांनाही हेच घड्याळ. हिमनदीचं पाणी सकाळी कमी, दुपारी चार-पाचला सर्वांत जास्त. सकाळी दगडावर पाय ठेवून ओलांडलेला ओढा परतताना मांडीपर्यंत असू शकतो.

अक्षांश

नकाशाबद्दल एक तांत्रिक पण जिवावरची गोष्ट. चीनमध्ये अधिकृत नकाशे जीसीजे-०२ नावाच्या पद्धतीत असतात. त्यात प्रत्येक बिंदू खऱ्या जागेपासून मुद्दाम सरकवलेला असतो, १०० ते ७०० मीटरपर्यंत, आणि सरकण्याची दिशा व अंतर जागेनुसार बदलतं. फोनचा जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस-८४ (जगभर चालणारी, न सरकवलेली पद्धत) देतो. चिनी ॲप आपल्या आत हिशेब जुळवून घेतं, म्हणून त्यात सगळं बरोबर दिसतं. तिथून उचललेला बिंदू दुसऱ्या ॲपमध्ये टाकला, किंवा चिनी ट्रेकरने ठेवलेला ट्रॅक कुठल्या पद्धतीतला आहे ते न बघता उतरवला, की गडबड. मैदानात ५०० मीटर म्हणजे पुढची गल्ली. घळईत ५०० मीटर म्हणजे नदीचा पलीकडचा काठ, आणि मधला पूल दिवसभराच्या अंतरावर.

उपाय : ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं कुठलंही ऑफलाइन ॲप (ऑरगॅनिक मॅप्स, ऑसमँड) घरूनच उतरवून घ्या. गुगल तिथे चालत नाही. कुठलाही ट्रॅक वापरण्याआधी त्यातला एक ठळक बिंदू, एखादा पूल किंवा देऊळ, उपग्रहचित्रावर ताडून बघा. पूल पाण्यात किंवा कड्यावर दिसला तर ट्रॅक सरकलेला आहे.

घळईच्या तळाशी आकाशाची चिंचोळी पट्टीच दिसते, त्यामुळे जीपीएस तसाही ३०-४० मीटर इकडेतिकडे उड्या मारतो. उंचीचा आकडा बघा, तो वाट ओळखायला जास्त कामाचा.

घाटवाट

यात परवान्याचा मुद्दाही गुंतलाय. बातांगच्या पट्ट्यात जिन्शाचा डावा काठ सिचुआन, उजवा काठ तिबेट स्वायत्त प्रदेश. पलीकडे पाऊल टाकलं की परवाना लागतो, पुलावर चौकी आहे. दक्षिणेला बेंझीलानपाशी मात्र एका काठाला युन्नान, दुसऱ्याला सिचुआन, तिथे दोन्हीकडे फिरा. देचेनहून मेकाँगच्या काठाने उत्तरेला गेलं की यानजिंगची प्रसिद्ध मिठागरं (एका काठाला लाल मीठ, दुसऱ्याला पांढरं), पण तीही स्वायत्त प्रदेशात. एकट्या परदेशी माणसाला अलीकडच्या चौकीवरून परत पाठवतात.

मोगरा_पुणे

उंचीच्या आजाराबद्दल कुणी लिहिलं नाही. डायमॉक्स घ्यावी का? आणि शाकाहारी माणसाचं काय?

कातळटोपी

डायमॉक्सचा नेहमीचा प्रतिबंधक डोस १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. बोटांना मुंग्या येणं आणि लघवीला वारंवार जावं लागणं अपेक्षित आहे. हळू चढण्याला ती पर्याय नाही. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये.

घळयांच्या प्रदेशात एक फायदा आहे. उतरणं हाच खरा उपचार, आणि तो जवळ असतो. फेइलाइसला कुणाला त्रास झाला तर गाडीने तासाभरात १,४०० मीटर खाली नदीवर नेता येतं. युबेंगचं मात्र उलटं. गाव वाटीसारखं आहे, शीदांगच्या बाजूने बाहेर पडायला आधी ३,७०० ची खिंड चढावी लागते. आजारी माणसाला वर नेणं म्हणजे उफराटं काम. सतत उतरती बाजू फक्त निनोंगची आणि ती पावसात बंद. म्हणून फेइलाइसलाच ज्याचं डोकं दुखतंय, उलटी होतेय, त्याने युबेंगला निघूच नये. आरामात असतानाही धाप, ओला खोकला, सरळ रेषेत चालता न येणं यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.

फोन : पोलीस ११०, रुग्णवाहिका १२०. विमा घेताना किती मीटरपर्यंत ग्राह्य आणि सुटकेचा खर्च धरलाय का, ही दोन वाक्यं पॉलिसीत शोधा.

सातूपीठ

@मोगरा_पुणे, शाकाहारासाठी "वो छ सू" (मी शाकाहारी) एवढं पुरत नाही. भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असते आणि रांधणाऱ्याच्या दृष्टीने ती शाकाहारीच असते. मांस नको, चरबी नको, हाडांच्या सूपचं पाणी नको, तेल वनस्पतीचं, अशी चार वाक्यं चिनी लिपीत छापून न्या आणि दाखवा. अंडं-टोमॅटो, बटाट्याचे काप, कोबी, भात हे देचेनमध्ये कुठेही मिळतं.

तिबेटी घरात त्साम्पा मिळेल : भाजलेल्या सातूचं, म्हणजे जवाच्या एका जातीचं पीठ. आपलं सातूचं पीठ आठवा. फरक इतकाच की गूळ-दुधाऐवजी ते खारट लोण्याच्या चहात मळतात. पहिल्या दिवशी कप अर्धा ठेवा, रिकामा केलात की लगेच भरतात.

स्वतः शिजवणार असाल तर ३,४०० मीटरवर पाणी ८८-८९ अंशांनाच उकळतं. डाळ उघड्या भांड्यात शिजणार नाही, तांदूळही कचवट राहतो. स्थानिक लोक कुकरच वापरतात. मेतकूट, मेथांबा, भाजलेले पोहे असं न शिजवता खाण्याजोगं न्या. गरम पाणी चीनमध्ये स्टेशनपासून गावातल्या घरापर्यंत सगळीकडे फुकट, म्हणून चांगला थर्मास हवाच. गॅसचं डबडं विमानात आणि रेल्वेत चालत नाही, शांग्री-लाला घ्या.

अक्षांश

सामानात अजून एक : २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत ३सी खूण (चिनी सुरक्षा प्रमाणपत्राची) नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. भारतात घेतलेल्या बहुतेकांवर ती खूण नसते, सुरक्षातपासणीत काढून ठेवतात. एक तर उतरल्यावर तिथली घ्या, नाहीतर कुनमिंगपासून पुढे रेल्वेनेच जा.

पैसे : अलीपे किंवा वीचॅटला आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड घरूनच जोडा, ओळखपडताळणीसह. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यावर ३ टक्के. तरीही ५०० युआन सुट्ट्या नोटांत जवळ ठेवा, खेचरवाल्याकडे नेटवर्क असेलच असं नाही. रेल्वेला पासपोर्ट हेच तिकीट. मुक्कामाची पोलीस नोंद २४ तासांत व्हायला हवी. हॉटेल ती करतं, घरगुती मुक्कामात मात्र "पासपोर्टची नोंद केली का?" हे आपण विचारायचं.

सह्यवेडा

साल्वीनच्या घळईत लोखंडी दोरावरून लटकत नदी ओलांडतात ते अजून आहे का?

घसारा

आहे, पण आता रोजच्या वापरात कमी. बहुतेक ठिकाणी सरकारने पूल बांधले, उरलेले दोर बरेचसे पर्यटकांसाठी. रचना दोन प्रकारची. उताराच्या दोरांची जोडी असते : एक या काठाकडून त्या काठाकडे उतरता, दुसरा उलट. माणूस कप्पीला पट्ट्याने बांधून स्वतःच्या वजनाने सरकतो. दुसरा प्रकार जवळपास आडव्या दोराचा, त्यात मध्यापर्यंत आपोआप जातो आणि पुढचं अंतर हातांनी ओढत काढावं लागतं.

चुका ठरलेल्या. हात कप्पीच्या पुढे दोरावर ठेवणं (बोटं कप्पीखाली जातात), मोकळे केस आणि ओढणी, आणि ब्रेक उशिरा लावणं. उतरत्या दोरावर शेवटी वेग फार होतो, तो कमी करायला गवताची जुडी किंवा चामड्याचा तुकडा दोरावर दाबतात. पट्टा दोन हवेत, एक कमरेखाली आणि एक पाठीमागे. एकच असेल तर नको म्हणा, पूल शोधा.

घाटवाट

साल्वीनचं बाकीचं : लिउकू ते बिंगझोंगलुओ रस्ता आता चांगला आहे, पावणेतीनशे-तीनशे किमी, नदी सतत शेजारी. बिंगझोंगलुओहून पुढे चियुनातोंगपर्यंत जुन्या चहा-घोडे वाटेचे कड्यात कोरलेले तुकडे चालता येतात. त्यापुढे स्वायत्त प्रदेशाची हद्द, परदेशी लोकांना बंद. नदीवर १३ धरणांचा आराखडा २००३ मध्ये आला होता आणि २००४ मध्ये तो थांबवला गेला, म्हणून युन्नानात तिचा मुख्य प्रवाह अजून मोकळा वाहतो. मेकाँगचं तसं नाही. त्सिझोंगच्या (फ्रेंच मिशनऱ्यांचं चर्च आणि द्राक्षमळे असलेलं गाव) खाली वूनोंगलोंग धरणाचं पाणी साठलंय. जुन्या वर्णनांतली काठची वाट तिथे शोधू नका, ती पाण्याखाली आहे.

दोन्ही घळया जोडणारी दिमालुओ ते त्सिझोंग ही पायवाट बिलुओ रांग ओलांडते, तीन-चार दिवस, खिंड चार हजार मीटरच्या आसपास. स्थानिक वाटाड्याशिवाय नाही. जंगलात गुराखी वाटा इतक्या आहेत की चुकीची सोंड धरली तर दिवस जातो. नोव्हेंबरअखेर बर्फ पडलं की बंद.

नदीकाठ

पुराची एक खूण नोंदवून ठेवतो. १० ऑक्टोबर आणि ३ नोव्हेंबर २०१८ ला बाइगे इथे दरड कोसळून जिन्शा नदी अडली. पाणी मागे साठलं आणि नोव्हेंबरच्या मध्यावर ते सुटलं तेव्हा खालचे पूल वाहून गेले, बातांगजवळचा राष्ट्रीय महामार्ग ३१८ चा पूलही त्यात गेला. दोन्ही वेळा पाऊस संपलेला होता. म्हणून पावसाशिवाय नदीचं पाणी अचानक उतरलं, काठचे दगड ओले पण उघडे दिसू लागले, तर "बरं झालं, ओलांडता येईल" असं वाटून खाली उतरू नका. वर काहीतरी अडलेलं असू शकतं. सामान उचलून जितकं वर जाता येईल तितकं जा आणि गावात सांगा. तंबूही कधी वाळूच्या पट्टीवर नको, कितीही सपाट असली तरी.

मोगरा_पुणे

सगळ्यांचे आभार. खावा कार्पोची मोठी प्रदक्षिणा करता येते का? २०२७ खास आहे म्हणतात.

घाटवाट

तिबेटी पंचांगात मेंढीचं वर्ष हे खावा कार्पोच्या यात्रेचं. २००३, २०१५, आणि आता २०२७. मोठी प्रदक्षिणा साधारण २४० किमी, दहा-बारा दिवस, दोकेर ला आणि शुला या खिंडींतून, दोन्ही साडेचार हजार मीटरच्या आसपास किंवा वर. पण तिचा पश्चिमेकडचा भाग चावालोंगच्या बाजूने स्वायत्त प्रदेशातून जातो, त्यामुळे परदेशी माणसाला ती पूर्ण करता येत नाही. छोटी प्रदक्षिणा म्हणजे फेइलाइस, मिंगयोंग आणि युबेंग, ती करता येते. नेहमी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, मणी-भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची) उजव्या हाताला ठेवून. २०२७ मध्ये युबेंगला खोली आधी ठरवल्याशिवाय जाऊ नका, यात्रेकरूंची गर्दी कितीतरी पट होईल.

सह्यवेडा

अवांतर, पण ब्रह्मपुत्रेची मोठी घळई यात का नाही? ती तर सर्वांत खोल.

अक्षांश

खोल आहेच, चिनी मोजणीनुसार कमाल ६,००९ मीटर. नामचा बरवा (७,७८२) आणि ग्याला पेरी (७,२९४) यांच्या मधून यारलुंग त्सांगपो वळते. पण ती पूर्णपणे स्वायत्त प्रदेशात आणि सीमेजवळ. न्यिंगचीपर्यंत परवान्यावर एजन्सीबरोबर जाता येतं, वळणाच्या आतला मेतोक तालुका (२०१३ मध्ये रस्ता पोचला) परदेशी लोकांना सहसा बंद. तीच नदी अरुणाचलात सियांग म्हणून उतरते. तिथे भारतीयांना इनर लाइन परमिटवर तुतिंगपर्यंत जाता येतं. वेगळा धागा काढा, नाहीतर या धाग्याचं काश्मीर होईल.

मोगरा_पुणे

शेवटचा प्रश्न : निनोंगला उतरल्यावर गाडी मिळते का?

कातळटोपी

रस्त्यावर उभं राहून मिळण्याची खात्री नाही. युबेंगच्या घरमालकाला आदल्या संध्याकाळी सांगा, तो निनोंगच्या गाडीवाल्याला फोन करतो. "पिनछे" म्हटलं तर वाटून, "बाओछे" म्हटलं तर अख्खी गाडी. गाडीचा क्रमांक आणि वेळ कागदावर लिहून घ्या, कारण घळईच्या मधल्या टप्प्यात नेटवर्कचा भरवसा नाही. वेळ दुपारी एकची सांगा. अकराची सांगितली तर तुम्ही पाटावर घाई कराल.